एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपामची जोडगोळी: बंद, अर्धी की आहे तशीच?

पाणवठा

सासूबाई, वय ६८. निदान नैराश्य, सोबत चिंता. आठ महिन्यांपासून रोज रात्री जेवणानंतर एक गोळी. तिच्यात एस्सिटालोप्राम १० मिग्रॅ आणि क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ एकत्र आहेत. सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची ओमेप्राझोल २०, मग बीपीची टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. गुडघे दुखले की डायक्लोफिनॅक ५०, आठवड्यातून तीन-चार वेळा तरी होतेच. साखर आणि थायरॉइड नॉर्मल.

उदासी, रडू येणं, छातीतली धडधड हे चार महिन्यांपासून नाही. जेवण नीट आहे, देवळात जाणं सुरू झालंय. आताची तक्रार वेगळी आहे: सकाळी दहा-अकरापर्यंत डोळ्यांवर झापड, बाथरूमला जाताना तोल जातो, बोलताना ओळखीची नावं अडतात. घरात एकाचं म्हणणं, बरं वाटतंय तर गोळी बंद करा. दुसऱ्याचं म्हणणं, अर्धी करा. मानसोपचारतज्ज्ञांची पुढची वेळ दोन आठवड्यांनी आहे. तोवर काय तपासून ठेवायचं आणि तिथे नेमकं काय विचारायचं?

खलबत्ता

घरातली दोन्ही मतं तूर्त बाजूला ठेवा. गोळी एक दिसत असली तरी औषधं दोन आहेत. दोघांचं काम वेगळं, मुदत वेगळी आणि सोडायची पद्धतही वेगळी.

एस्सिटालोप्राम हा मूळ उपचार. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. पहिले आठ-दहा दिवस मळमळ होते, डोकं दुखतं, कधी धडधड उलट वाढते. तेवढा काळ निभावून न्यायला क्लोनाझेपामचा टेकू देतात, कारण ते पहिल्याच रात्री काम करतं. हा टेकू दोन ते चार आठवड्यांचा असायला हवा. पण जोडगोळीत दोन्ही एकत्र बांधलेली, त्यामुळे चिठ्ठीवर 'कंटिन्यू' पडलं की क्लोनाझेपामही महिनोन्महिने चालू राहतं. घरच्यांना ते माहीतही नसतं. त्यांच्या लेखी ती 'डिप्रेशनची गोळी'.

अर्धी केली तर त्याच रात्री एस्सिटालोप्राम ५ आणि क्लोनाझेपाम ०.२५ होणार. आठवड्याने झोप उडाली, चिडचिड वाढली, तर ते कुठल्या औषधाच्या कमीमुळे हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. शिवाय गोळीवर मधोमध रेघ नसेल तर सुरीने सारखे तुकडे पडत नाहीत.

म्हणून डॉक्टरांना पहिली विनंती ही: 'आहे तेवढीच मात्रा दोन वेगळ्या गोळ्यांत लिहून द्याल का?' म्हणजे एस्सिटालोप्राम १० ची साधी गोळी एक, आणि क्लोनाझेपाम ०.२५ च्या दोन. ०.५ ची एक न मागता ०.२५ च्या दोन मागायच्या, पुढे उतरवताना सोपं जातं. मात्रा तीच असल्याने त्या बदलाने काही बिघडायचं कारण नाही.

दुकानातली एक नेहमीची गफलत सांगतो. एकाच कंपनीची साधी गोळी आणि जोडगोळी यांची नावं जवळपास सारखी असतात, मागे फक्त 'प्लस', 'फोर्ट' किंवा 'एलएस' लागतं. पट्ट्यांचे रंगही मिळतेजुळते. 'प्लस'च्या जागी साधी हातात आली तर क्लोनाझेपाम एका रात्रीत बंद. वेगळं क्लोनाझेपाम लिहिलेलं असताना पुन्हा 'प्लस' आली तर ते दुप्पट. तेव्हा नावावर जाऊ नका, पट्टीच्या पाठीवरची बारीक ओळ वाचा; तिथे प्रत्येक घटक आणि त्याचे मिग्रॅ छापलेले असतात. गोळ्या वेगळ्या झाल्या की घरातल्या उरलेल्या जुन्या पट्ट्या त्याच दिवशी बाजूला काढा.

उंबरठा

खलबत्ता यांच्याशी सहमत. मनोविकार विभागात काम करत असल्याने उतरवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. हा नमुना आहे. काकूंचे टप्पे त्यांचे डॉक्टरच ठरवतील.

क्लोनाझेपामचं अर्धायुष्य, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण ३० ते ४० तास. म्हणजे आज रात्रीची गोळी घेताना कालच्या गोळीतलं निम्म्याहून जास्त औषध अंगात असतं. सकाळची झापड, तोल, नावं न आठवणं या तिन्हींचा संशय आधी त्यावर घ्यावा. ०.५ हा आकडा दिसायला किरकोळ आहे, पण ती मात्रा साधारण १० मिग्रॅ डायझेपामच्या तोडीची. अडुसष्टाव्या वर्षी रोज तेवढं म्हणजे रात्री पडून खुब्याचं हाड मोडण्याचा खरा धोका. तोवर रात्रभर दिवा चालू ठेवा, बाथरूममध्ये धरायला दांडी लावा, आणि उठताना पाय खाली सोडून मिनिटभर बसून मगच उभं राहायला सांगा.

तरीही एकदम बंद करायचं नाही. आठ महिने रोज घेतलेलं क्लोनाझेपाम अचानक थांबवलं तर झोप पूर्ण उडते, हात थरथरतात, भीती पूर्वीपेक्षा जास्त उसळते. क्वचित फिटही येते. ०.२५ च्या गोळ्यांनी उतरण अशी करता येते: दोन गोळ्यांवरून दीड, मग एक, मग अर्धी, मग बंद. प्रत्येक टप्पा किमान दोन आठवड्यांचा, त्रास वाटला तर चारचा. खालचे टप्पे जड जातात, कारण दोनवरून दीड ही चौथाई घट आहे आणि एकवरून अर्धी ही निम्मी. तिथे घाई नको. एखाद्या टप्प्यावर अडलं तर तिथेच थांबायचं. पुन्हा वर चढायची वेळ सहसा येत नाही.

या सगळ्या काळात एस्सिटालोप्रामला हात लावायचा नाही. एका वेळी एकच औषध हलवायचं.

भटकभवानी

क्लोनाझेपामचं समजलं. पण एस्सिटालोप्राम पुढे कधी सोडायचं झालं तर एक दिवसाआड घेतलं की डोस आपोआप अर्धा होतो ना? गोळ्या तोडायची कटकट नाही.

उंबरठा

हिशेबात होतो, रक्तात होत नाही. एस्सिटालोप्रामचं अर्धायुष्य साधारण ३० तास आणि वयानुसार थोडं जास्त. दिवसाआड घेतलं की पातळी रोज वर-खाली हेलकावते आणि मधल्या दिवशी चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं सुरू होतं. दिवसाआडचा प्रकार फार तर फ्लुओक्सेटिन या नैराश्याच्या दुसऱ्या औषधाला खपतो, कारण ते आणि त्यापासून शरीरात तयार होणारं द्रव्य आठवडाआठवडा टिकतं. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्याचीच औषधं झपाट्याने उतरतात, तिथे एक डोस चुकला तरी कळतं.

दुसरं, मात्रा आणि परिणाम एका सरळ रेषेत चालत नाहीत. १० वरून ५ वर आलं तर मेंदूतला परिणाम थोडाच घटतो. ५ वरून शून्यावर आलं तर जवळजवळ सगळा जातो. म्हणून १० वरून ५ ला काहीच झालं नाही या आनंदात ५ थेट बंद करणारे नेमके तिथे अडखळतात. ५ नंतर २.५ चा टप्पा घ्यावा, काहींना त्याहूनही खाली.

बंद केल्यावरचा त्रास आणि आजार परत येणं यांत गल्लत होते. सोडण्याचा त्रास मात्रा कमी केल्यापासून दोन-चार दिवसांत येतो. त्यात चक्कर, झटके, विचित्र स्वप्नं अशी शरीराची लक्षणं असतात आणि जुनी मात्रा दिली की दोन-तीन दिवसांत निवळतो. आजार परतताना बहुधा काही आठवड्यांनी, हळूहळू, आणि मूळच्या चेहऱ्याने येतो: पहाटे जाग, जेवणात मन नसणं, रडू. सोडताना तारखेनिशी वही ठेवली तर हा फरक डॉक्टरांना लगेच दिसतो.

ताकपिठं

सगळे मनाच्या गोळीमागे लागलेत. मला बाकीची यादी जास्त खटकते.

ओमेप्राझोलमुळे यकृतात एस्सिटालोप्रामचा निचरा मंदावतो आणि रक्तातली पातळी साधारण दीडपट होऊ शकते. काकूंच्या वयाला १० मिग्रॅ हीच सहसा वरची मर्यादा धरतात, आणि इथे १० लिहिलेलं असताना शरीराला १५ सारखं मिळत असेल. त्याच कामाच्या पॅन्टोप्राझोलचा हा त्रास बराच कमी. डॉक्टरांना दाखवा, एक ईसीजी मागा, कारण एस्सिटालोप्रामची पातळी वाढली की ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबतं, आणि ते फार लांबलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मात्र ओमेप्राझोल परस्पर बदलू नका. ते थांबलं की एस्सिटालोप्राम खाली येणार, म्हणजे नकळत तोही मात्राबदलच.

डायक्लोफिनॅक दोन कारणांनी नको. एस्सिटालोप्रामने प्लेटलेट्सचं काम थोडं ढिलं होतं, त्यात हे वेदनाशामक आलं की जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. शौच डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड आणि डायक्लोफिनॅक ही तिकडी मूत्रपिंडाला एकत्र त्रास देते. क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणी बघा. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं जेल हे आधी. हाडांच्या डॉक्टरांना एस्सिटालोप्राम चालू असल्याचं सांगितलं नाही तर ते सहजपणे ट्रॅमाडॉल लिहितील. ते या औषधासोबत टाळायचं: सेरोटोनिन हे रसायन वाढून थरथर, घाम, जुलाब, ताप होऊ शकतो, फिटचा धोका वेगळाच. खोकल्याच्या ज्या सिरपमध्ये डेक्स्ट्रोमिथॉर्फन आहे तेही विचारूनच.

सगळ्यात महत्त्वाचं ते सोडियम. एस्सिटालोप्राम सोडियम उतरवतं, हायड्रोक्लोरोथायझाइडही उतरवतं, आणि वय जितकं जास्त तितकं जास्त. बीपीच्या गोळीच्या नावामागे 'एच' किंवा 'सीटी' दिसलं की हे आठवायचं. सुस्ती, तोल जाणं, शब्द अडणं ही सगळी सोडियम कमी झाल्याचीही लक्षणं आहेत. दोन आठवडे थांबू नका, उद्याच सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन करा. साधी तपासणी आहे, उपाशी राहावं लागत नाही.

पाणवठा

आज केलं. सोडियम १२८, पोटॅशियम ३.९, क्रिएटिनिन १.०. लॅबच्या कागदावर १३५ ते १४५ नॉर्मल लिहिलंय. सासूबाई शुद्धीत आहेत, उलट्या नाहीत, सुस्ती रोजचीच. शेजारच्या काकू मीठ-साखर-पाणी द्यायला सांगतायत. मानसोपचारतज्ज्ञांचं क्लिनिक बंद आहे, बीपीचे डॉक्टर संध्याकाळी भेटतील. आणि एस्सिटालोप्राम यामुळे आजच थांबवावं लागेल का?

ताकपिठं

संध्याकाळी बीपीच्या डॉक्टरांकडे जाच, सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. १२८ आणि लक्षणं असताना दोन आठवड्यांच्या तारखेची वाट बघायची नाही.

मीठ-साखर-पाणी देऊ नका. या प्रकारात बहुतेक वेळा मीठ कमी नसतं, शरीर पाणी धरून ठेवतं. जास्त पाणी पाजलं तर आकडा आणखी खाली जाईल. दिवसाला किती पाणी द्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा. डायक्लोफिनॅक आजपासून नको, तेही पाणी धरून ठेवायला हातभार लावतं.

बहुधा ते आधी हायड्रोक्लोरोथायझाइड काढतील आणि बीपीसाठी नुसती टेल्मिसार्टन किंवा दुसरी जोडी देतील, मग काही दिवसांत सोडियम पुन्हा बघतील. त्याने सुधारलं तर ठीक. नाही सुधारलं तर एस्सिटालोप्राम बदलायचा विचार होतो. मिर्टाझेपिन या नैराश्याच्या दुसऱ्या औषधाने सोडियम उतरण्याचा त्रास तुलनेने कमी, पण त्याने झोप आणि भूक वाढते.

आकडा बिघडला म्हणून गोळी तुमच्या हाताने बंद करू नका, कारण जोडगोळीतलं क्लोनाझेपामही सोबत बंद होईल. मात्र रात्रीतून उलट्या, असंबद्ध बोलणं, उठवूनही न उठणं किंवा फिट आली तर थेट मोठ्या रुग्णालयात. तिथे सोडियम सावकाशच चढवतात. घाईने चढवलं तर मेंदूला इजा होते, तेव्हा 'सलाईन जोरात सोडा' म्हणून कुणी नातेवाइकाने आग्रह धरू नये.

खलबत्ता

मानसोपचारतज्ज्ञ लगेच मिळत नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. चालू औषधाबद्दल काय विचारायचं, जवळ कुठे दाखवायचं हे ते सांगतात. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते.

उंबरठा

क्रम आता उलटा होईल. आधी सोडियम १३५ च्या आसपास येऊ द्या. मग गोळ्या वेगळ्या करून घ्या. त्यानंतरही सकाळची झापड उरली तर क्लोनाझेपामची उतरण सुरू करा, तीही बीपीच्या नव्या गोळीचे दोन आठवडे सुरळीत गेल्यावर. नाहीतर तोल कशामुळे जातोय हे पुन्हा कळणार नाही.

'बरं वाटतंय तर बंद करा' याचं उत्तर राहिलं होतं. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर पूर्ण बरं वाटल्यापासून पुढे निदान सहा ते नऊ महिने तीच मात्रा चालू ठेवतात. वयस्क माणसात सहसा वर्षभर, आणि आजार आधी दोन-तीनदा येऊन गेला असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. तुमचे चार महिने झालेत. काकूंना तरुणपणी, बाळंतपणानंतर वगैरे असा काळ येऊन गेला होता का, हे मोठ्या जावेला किंवा नणंदेला विचारून घ्या. आणि कधी झोप न घेताही उत्साह, अखंड बडबड, वारेमाप खर्च असे दिवस होते का तेही विचारा. तसं असेल तर ते आधी सांगायचं, कारण मग नैराश्याची गोळी एकटी देत नाहीत.