मुंबई ते न्यू यॉर्क: आईबाबांसाठी थेट विमान की मध्ये थांबा?

कोथरूडकर:
आई ७१, बाबा ७४. जूनमध्ये दोघंच बहिणीकडे न्यू यॉर्कजवळच्या एडिसनला निघालेत, पहिल्यांदाच. बाबांचे गुडघे दुखतात. थेट विमानात सोळा तास बसवतील का? दुबई किंवा लंडनमार्गे बरं पडेल का? तिकीट या आठवड्यात काढायचंय.

पिंपळपान:
थेटच काढा. थांबा घेतला की लांबचा फेरा पडतो असं वाटतं, पण तसं नाही. मुंबई-न्यू यॉर्क सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. लंडनमार्गे गेलं तरी जेमतेम दोनशे किलोमीटर वाढतात, कारण पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट मुळात उत्तरेकडून, आइसलंडवरून जाते. दुबईमार्गेही चारेकशेच जास्त. वेळ खातो तो थांबा: उतरणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुढच्या विमानाची वाट बघणं. शिवाय लंडनला टर्मिनल बदलावं लागलं तर बसने जावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसांना हे दोनदा कशाला?

प्रत्यक्ष विमान नकाशावरच्या जवळच्या वाटेनेच जाईल असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा अमेरिकेच्या कितीतरी फेऱ्या लांबल्या. म्हणून वेळ तिकिटावर लिहिलेलीच धरा.

सातारची लेक:
माझं मत थोडं वेगळं. गुडघ्यांपेक्षा पायांवरची सूज बघा. माझ्या सासऱ्यांना सलग बसणं सोसत नाही, त्यांना आम्ही तीन-चार तासांचा थांबा मुद्दाम घेतो. बाबांना पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. दाबाचे मोजेही त्यांनाच विचारून. दोघांपैकी एकाला तरी वाटेकडेची जागा घ्या, दर दीड-दोन तासांनी उठता येतं.

थांबा घेतलाच तर सगळं एकाच तिकिटावर हवं. आणि अमेरिकेतल्या दुसऱ्या शहरातून जोडविमान अजिबात नको. तिथे पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन (पासपोर्ट-व्हिसाची तपासणी) होतं, सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं. वयस्कर माणसं तिथेच गांगरतात.

कोथरूडकर:
सूज नाही, गाठीचाही त्रास कधी झालेला नाही. पण बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. परतीलाही सोळा तासच का?

पिंपळपान:
परतीला साधारण दीड-दोन तास कमी. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात, येताना ते पाठीशी असतात.

इन्सुलिन हातातल्या पिशवीतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात गोठून वाया जाऊ शकतं. जूनमध्ये न्यू यॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, तेव्हा डोस कधी घ्यायचा याचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या, घड्याळ बघून अंदाजाने नको. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, दोघांसाठीही. आई चालत्या असल्या तरी मागा, नाहीतर बाबा पुढे आणि त्या रांगेत मागे अशी ताटातूट होते.

सातारची लेक:
आणि बहिणीचा पत्ता-फोन कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवा. इमिग्रेशनला कुठे राहणार हे विचारतात, आणि तिथे उतरल्यावर आपला फोन चालेलच असं नाही.