लिफ्टचा घोळ आणि खापरपणजी

रॉमकॉममध्ये कालप्रवासाचं लॉजिक शोधू नये असं म्हणतात, ते एरवी मान्य. पण 'केट अँड लिओपोल्ड' (२००१) स्वतःच ते लॉजिक कथेत ओढतो. लिफ्टचा शोध लावणारा लिओपोल्ड १८७६ मधून आज आला, म्हणून न्यूयॉर्कच्या लिफ्ट बंद, आणि आजच्या काळातला स्टुअर्ट लिफ्टच्या शाफ्टमध्ये कोसळतो. बरं, लिफ्टच नव्हत्या तर एवढ्या उंच इमारती उभ्या कशा? त्यावर अळीमिळी गुपचिळी. शिवाय खऱ्या इतिहासात ओटिस या उद्योजकाची प्रवासी लिफ्ट ब्रॉडवेवरच्या एका पाच मजली दुकानात १८५७ लाच सुरू झाली होती!

स्टुअर्ट लिओपोल्डचा वंशज आणि केट ही स्टुअर्टची आधीची मैत्रीण. शेवटी केट लिओपोल्डची होते, म्हणजे ती स्टुअर्टचीच खापरपणजी. हे उल्लेख प्रदर्शनाआधी कापले. डायरेक्टर्स कटमध्ये (दिग्दर्शकाच्या आवृत्तीत) आहेत. बघायचाच असेल तर तो बघा.