शुक्रवारी मटण सोडून पापलेट खाल्लं, हा त्याग झाला का?

वसईकर: राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की, आम्हा कॅथलिकांकडे शुक्रवारी मटण बंद. मासे चालतात, म्हणून मग सकाळीच बाजार, पापलेट नाहीतर सुरमई, खर्च मटणापेक्षा जास्तच. नियम पाळला हो, पण सोडलं काय? बायबलात यशया संदेष्ट्याचा 58 वा अध्याय काढून वाचा, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं, बेघराला घरात घेणं, असा उपवास देवाला पाहिजे. माझं स्पष्ट मत, वाचवलेलं दुसऱ्याच्या हातात पडत नसेल तर ते नुसतं डाएट.

शंका_नको: डाएट हा शब्द अजिबात पटला नाही. येशू 40 दिवस रानात उपाशी होता तेव्हा कुणाला जेवण वाटत होता? जिभेला नाही म्हणता येत नाही तो माणूस वेळ आली की दुसऱ्यासाठी काय झिजणार. मी गेल्या वर्षी उपवासकाळात दारू सोडली, पहिल्याच आठवड्यात कळलं ती माझ्या डोक्यावर किती बसली होती ते. आणि चर्च मागतं तरी किती, 18 ते 59 वयाच्यांनी दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, एकदा पोटभर जेवायचं, बाकी थोडंथोडं. तेवढंही जड जातं?

वसईकर: दारूचं मान्य. पण बेल्जियमचे मिशनरी फादर डेमियन बघा, 1873 ला हवाईतल्या मोलोकाई बेटावर गेले, कुष्ठरोग्यांच्या जखमा बांधल्या, त्यांच्या शवपेट्यासुद्धा स्वतः बनवल्या, शेवटी तोच रोग होऊन 1889 ला गेले. त्यांनी जेवणात काय सोडलं ते कुणी विचारत नाही.

शंका_नको: अहो, पण तिथे जायच्या कितीतरी आधी त्यांनी संन्यासाची व्रतं घेतली होती ना? ती तयारीच होती.

एक_सून: मी मध्ये बोलते. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला आहेत. डायपर, भरवणं, रात्री तीनतीनदा उठणं, सगळं मीच. चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जायला जमत नाही तर बायका म्हणतात उपवासकाळातही हिला वेळ नाही, आणि प्रवचनात स्वार्थत्याग आला की घरातले सगळे माझ्याकडेच बघतात, नवरा दीर कुणी स्वतःकडे बघत नाही. अजून काय सोडू मी? तुम्हाला सेवा करायचीच असेल तर एका शुक्रवारी त्यांच्याजवळ बसा, मी चर्चमध्ये मिस्साला जाऊन येते.

शंका_नको: ताई, घरच्यांचं चुकतंय, हे त्यांना तोंडावर सांगायला पाहिजे. उपवासाबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

वसईकर: ताई, पत्ता इथे नको, मला मेसेज करा. या शुक्रवारी मी आणि बायको येतो.

एक_सून: सव्वासहापर्यंत या. पेज सातला द्यावी लागते, पातळ करून, आणि गरम चालत नाही त्यांना.