पी ००१६ कोड पुन्हा पुन्हा येतो: सेन्सरचा दोष की टायमिंग चेनचा?

प्रश्न (धंतोली)

सर्वांना नमस्कार. माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी १,१२,००० किलोमीटर चालली आहे. इंजिनाला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे आणि इनटेक कॅमशाफ्टला (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा, आहे. रोज वर्धा रोडने बुटीबोरीला जाणे-येणे असते. दोन महिन्यांपासून सकाळी पहिला सेल्फ मारला की इंजिनाच्या पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते आणि मग थांबते. पिकअप कमी झाला आहे, सिग्नलवर उभी असताना गाडी थरथरते, आणि चेक इंजिनचा दिवा लागल्यावर स्कॅनरने पी ००१६ हा कोड दाखवला. गॅरेजमध्ये कॅम सेन्सर बदलून दिला. आठवड्याभरात दिवा पुन्हा लागला. आता क्रँक सेन्सर बदलून पाहू, असे तिथे सांगतात. इंजिन उघडण्याआधी नेमका दोष कसा ओळखावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (वाडी, गॅरेज व्यवसाय)

क्रँक सेन्सर आत्ता बदलू नका. या कोडचा अर्थ एवढाच, की क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) आणि चेनने त्याला जोडलेला कॅमशाफ्ट यांच्या सेन्सरांकडून येणारे सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, आणि ईसीएम (इंजिनाचा संगणक) या दोघांमधला कोन सतत ताडून पाहत असतो. कॅम सेन्सरचे सर्किटच बिघडले असते तर सहसा पी ०३४० आला असता आणि क्रँकचे बिघडले असते तर पी ०३३५. आपल्याकडे दोन्ही सेन्सर बोलत आहेत, फक्त त्यांच्या बोलण्यात मेळ नाही.

सकाळची खडखड मला जास्त महत्त्वाची वाटते. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत तो दाब उतरतो आणि पिना झिजून लांबलेली चेन पहिल्या काही सेकंदांत गाइडवर (चेन ज्यावरून सरकते त्या पट्टीवर) आपटते. तरीही सुरुवात ऑइलपासून करा. डिपस्टिकवर पातळी किती आहे, ऑइल काळे आणि चिकट झाले आहे का, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच आहे का, हे आधी पाहा. त्यानंतर व्हीव्हीटीचा सोलेनॉइड (तिला ऑइल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) काढून त्याची बारीक जाळी उजेडात धरा. तिच्यात गाळ बसला असेल तर फेजर (ऑइलच्या दाबाने कॅमचा कोन बदलणारा भाग) मधेच अडकतो आणि चेन चांगली असूनही हाच कोड येऊ शकतो.

एवढे झाल्यावर स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडून कॅमचा अपेक्षित कोन आणि प्रत्यक्ष कोन शेजारी शेजारी ठेवा. फरक आरपीएमप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर संशय सोलेनॉइड, फेजर किंवा ऑइलच्या दाबावर घ्यावा. तो सर्वत्र जवळपास सारखाच राहत असेल तर कॅम मुळातच मागे पडला आहे असे समजावे. उदाहरणार्थ, क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दाते असतील तर चेनने एक दाता सोडला की क्रँकच्या हिशेबाने १८ अंशांचा फरक पडतो. चेन नुसती लांबली असेल तर फरक त्याहून कमी असतो आणि तो हळूहळू वाढत गेलेला असतो.

ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल आलेखासारखे दाखवणारे यंत्र) असलेला मेकॅनिक मिळाला तर उत्तमच. दोन्ही सेन्सरांचे सिग्नल एकाच पडद्यावर घेऊन त्याच इंजिनाच्या निरोगी गाडीच्या सिग्नलशी ताडले, की कव्हर न उघडता उत्तर मिळते.

उत्तर (मानेवाडा)

वरील सल्ल्यात एक स्वस्त तपासणी जोडतो. इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांना) व्हॅक्यूम गेज लावा. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवते. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे एखादा इंच कमी धरावा. काटा स्थिर, पण बराच खाली असेल तर कॅम उशिरा चालत असण्याची शक्यता मोठी असते. मग चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन घ्या. एकच सिलिंडर कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग पाहावी लागेल, चारही सारखेच कमी असतील तर टायमिंग.

आणि एक विनंती: निदान होईपर्यंत बुटीबोरीची फेरी या गाडीने करू नका. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मार्ग एकमेकांना छेदतो, त्यात चेनने आणखी काही दाते सोडले तर व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च थेट हेडपर्यंत जातो.

प्रश्नकर्ता (धंतोली)

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. ऑइल बदलले आणि सोलेनॉइडची जाळी साफ केली, पण कोनातला फरक तसाच राहिला. व्हॅक्यूमचा काटा १३ इंचांवर स्थिर होता आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन सारखेच कमी आले. त्यानंतरच दुसऱ्या गॅरेजमध्ये कव्हर उघडले. टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आला होता आणि एका गाइडवर चेनने बोटाला लागेल एवढी खोल चर पाडली होती. चेन, टेन्शनर आणि गाइड नवे बसवल्यावर मिस्त्रींनी सेल्फ न मारता पान्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे हातानेच फिरवले, स्प्रॉकेटच्या खुणा पुन्हा जुळल्याची खात्री केली आणि मगच कव्हर बंद केले.

आता व्हॅक्यूम १८ इंच आहे आणि सकाळची खडखड थांबली आहे. काढून टाकलेला जुना कॅम सेन्सर डिकीतच पडला होता. तोच परत लावून गेले तीन आठवडे गाडी चालवतो आहे. कोड आलेला नाही.