मदत हवी आहे: कोरलची फाइल करप्ट, आणि रिकव्हरीचा मेसेज कॅन्सल केला गेलाय

शाईवाला
तातडीचं आहे. गणेश मंडळाचा अहवाल करतोय. कोरलड्रॉ (पानं मांडायचं सॉफ्टवेअर), ४८ पानं, उद्या ११ वाजता फाइल छपाईच्या प्लेटला द्यायची. संध्याकाळी कंट्रोल-एस दाबलं आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. यूपीएसची बॅटरी दोन महिने बसलेली आहे. त्यावर बोलू नका, घरी ऐकून झालंय.

लाइट आल्यावर भाच्याने कोरल उघडलं. फाइल रिकव्हर करायची का, असा मेसेज आला आणि त्याने सवयीने कॅन्सल केलं. आता मूळ फाइल करप्ट दाखवते. फोल्डरमध्ये 'बॅकअप ऑफ' नावाची एक आहे, ती उघडते, पण त्यात वर्गणीदारांची यादी कुंभार गल्लीपर्यंतच. पुढच्या तीन गल्ल्या दुपारनंतर पावत्या बघून टाइप केल्या होत्या. जाहिराती परत लावीन, पण पावतीपुस्तकं खजिनदारांच्या कपाटात आणि खजिनदार मुलीकडे नाशिकला.

जुनाकंपोझिटर
आधी सांगा, कॅन्सल केल्यापासून कोरल बंद केलंत का?

शाईवाला
नाही. भाच्याला म्हटलं, आता कशालाच हात लावू नकोस.

जुनाकंपोझिटर
मग भाच्याला चहा पाजा. कॅन्सल केल्याने ऑटो-बॅकअप, म्हणजे कोरल आपोआप ठेवतं ती प्रत, लगेच जात नाही, कोरल नीट बंद केलं की ते स्वतःच पुसतं. त्यामुळे ते चालूच ठेवा.

तुम्हाला मिळाली ती वेगळी फाइल. प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची प्रत 'बॅकअप ऑफ' म्हणून शेजारी राहते, म्हणजे ती एक सेव्ह मागे. ठरावीक मिनिटांनी होते ती दुसरी, नावात 'ऑटो बॅकअप ऑफ' असतं. जागा बदलली नसेल तर ती विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये जाते. विंडोज-आर दाबा, टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये टेम्प (%temp%) लिहून एंटर करा. हजारो फाइली दिसतील, तारखेने लावा. सापडली की आधी डेस्कटॉपवर कॉपी करा आणि ती कॉपीच उघडा.

रंगपेटी
करप्ट फाइलही टाकू नका. कोरलच्या एक्स-४ आवृत्तीपासून सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल, आतून झिपच. तिचीही कॉपी करून एक्स्टेन्शन झिप करा आणि सेव्हन-झिपने उघडून बघा. पण लिहितानाच लाइट गेली असेल तर अवघड आहे. झिपची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते, तीच राहिली असणार. वीस वेळा करून बघितलंय, दोनदा जमलं असेल.

इलस्ट्रेटर (अडोबीचं असंच सॉफ्टवेअर) वाले आम्ही सुखी, तिथे ऑटो-बॅकअपचं मुळातच २ मिनिटांचं सेटिंग असतं.

जुनाकंपोझिटर
४८ पानांच्या फाइलला २ मिनिटं लावा, मग बघू किती सुखी. दर वेळी माउस अडकतो. मी १० ठेवतो आणि जागा डी ड्राइव्हवर दिलीय. सेटिंग कोरलच्या मेनूत: टूल्स, ऑप्शन्स, तिथे सेव्ह.

शाईवाला
सापडली!! टेम्पमध्येच होती, वेळ ६:२२. लाइट ६:३५ ला गेली. माझ्याकडे २० मिनिटं लावलेलं होतं. कॉपी उघडली, फॉन्ट जागेवर, पहिल्या दोन गल्ल्या पूर्ण आहेत. दत्त गल्लीची शेवटची १४ नावं तेवढी गेली.

झिपचाही प्रयोग केला, सेव्हन-झिप म्हणतं ही झिपच नाही.

जुनाकंपोझिटर
तेरा मिनिटांत चौदा नावं? जरा हात चालवा.

शाईवाला
५१ रुपयांची पावती, त्यात कार्यकर्त्याचं अक्षर. 'जाधव' की 'जाघव' यातच एक मिनिट जातो. आता खजिनदारांच्या घरी फोन लावलाय, वहिनींनी कपाट उघडलंय. त्या नावं वाचतायत, मी टाइप करतोय, आणि भाचा शेजारी बसून दर नावाला कंट्रोल-एस म्हणतोय.