'अट', 'दाखला', 'सूट' आणि ते छोटंसं 'तरी': शस्त्रं नष्ट करायच्या पैशाच्या कायद्यातले शब्द

मूळ प्रश्न:
नमस्कार मंडळी, एका दीर्घ लेखाचं मराठी करतेय, विषय आहे अमेरिकेचा नन-लुगार कायदा, म्हणजे डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन कोसळत असताना सॅम नन आणि रिचर्ड लुगार या दोन सिनेटरांनी पुढाकार घेऊन जो केला तो. तिथली अण्वस्त्रं आणि रासायनिक शस्त्रं नष्ट करायला अमेरिकेच्या संरक्षण बजेटमधले ४० कोटी डॉलर वळवायची परवानगी त्यात होती. पण पैसे असेच मिळणार नव्हते, घेणारा देश सहा गोष्टींना 'कमिटेड' आहे असं राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, 'सर्टिफाय' करायचं आणि मगच पैसे. स्वतःचाही भरघोस पैसा घालणं, नष्ट केलेल्या अण्वस्त्रांतला माल नव्या अण्वस्त्रांत न वापरणं, अमेरिकेला पडताळणी करू देणं, करार पाळणं, मानवी हक्क जपणं, वाजवी संरक्षणापलीकडे सैन्य न वाढवणं. मी सगळीकडे 'कटिबद्ध' आणि 'प्रमाणित करणे' लिहून टाकलंय पण वाचताना ते मंत्र्याच्या भाषणासारखं वाटतंय, अर्थ पोचतच नाहीये. काय करू?

प्रतिसाद:
ताई, आधी 'सर्टिफाय'चं बघू. 'प्रमाणित' चूक नाही पण माणसाच्या तोंडात 'दाखला' आहे, आणि इथे तोच चपखल बसतो. १९९३ च्या कायद्यात असं आलं की ही ग्वाही त्या त्या वर्षासाठी द्यायची, म्हणजे दर वर्षी नवी. आपल्याकडे पेन्शनर लोक नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात ना, माझे वडील दर वर्षी चांगला इस्त्रीचा शर्ट घालून जायचे त्यासाठी, माणूस जिवंत आहे हे काउंटरवरच्या बाईला समोर दिसत असतं तरी कागद झाला नाही तर पेन्शन अडकते. अगदी तीच रचना. पैसा मंजूर आहे, काम चालू आहे, पण त्या वर्षीचा दाखला नाही तर नवं काही सुरू होणार नाही. म्हणून 'वार्षिक दाखला' लिहा, वाचकाला क्षणात कळेल.

प्रतिसाद:
दाखला मान्य, पण 'कटिबद्ध'बद्दल मला जास्त बोलायचंय कारण खरी गोम तिथे आहे. मराठीत तीन शब्द जवळपासचे, बांधील, वचनबद्ध, कटिबद्ध. बांधील म्हणजे सही केलीये, सुटका नाही. वचनबद्ध म्हणजे शब्द दिलाय. आता २००२ मध्ये काय झालं ते बघा. बुश सरकार म्हणालं की रासायनिक आणि जैविक शस्त्रांच्या करारांबाबत रशिया 'कमिटेड' आहे असं आम्हाला लिहून देता येत नाही, आणि नव्या कामांचे पैसे थांबले. पण रशियाने त्या करारांवर सही केलेलीच होती! म्हणजे तो बांधीलही होता आणि वचनबद्धही. मग अडलं कुठे, तर अमेरिकेला शंका होती ती मनातल्या तयारीची, रशियाने आपले साठे आणि जुने उद्योग पूर्ण उघड केलेत का याची. म्हणजे कायद्याला हवा होता तो 'निर्धार', नुसता करार नव्हे. 'करार पाळण्याचा त्या देशाचा निर्धार आहे, असा दाखला राष्ट्राध्यक्षांनी द्यावा' असं वाक्य करून बघा. आणि 'कटिबद्ध' कृपया नको, भाषणांनी तो शब्द पार झिजवून टाकलाय, कंबर कसली हे चित्र कोणाच्या डोळ्यासमोर येत नाही आता.

मूळ प्रश्न विचारणारी:
वा, 'निर्धार' फारच आवडला, आणि २००२ चं उदाहरण डोक्यात बसलं. मग पुढचं, त्यानंतर काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना 'वेव्हर'चा अधिकार दिला, आधी थोड्या दिवसांपुरता आणि मग काही वर्षांसाठी. त्याला 'सूट' लिहू की 'माफी'?

प्रतिसाद:
माफी नको, ती फीची नाहीतर गुन्ह्याची. सूट चालेल. पण शासन निर्णय वाचणाऱ्यांना ओळखीचा शब्द आहे 'अट शिथिल करणे', 'विशेष बाब म्हणून वयाची अट शिथिल करण्यात येत आहे' हे शेकडो वेळा वाचलंय. त्यात अट पुस्तकात तशीच राहते, फक्त या खेपेला आड येत नाही. वेव्हरचं नेमकं तेच. अट पुढे २००७ मध्ये काढूनच टाकली, तिथे मात्र 'रद्द' लिहा, शिथिल आणि रद्द यांची गल्लत झाली तर पाच वर्षांचा इतिहास पुसला जातो.

यात एक गोष्ट सांगतो. रशियाच्या कुर्गान प्रांतात श्चुच्ये नावाचं गाव, तिथे मज्जासंस्थेवर मारा करणाऱ्या विषाने भरलेले सुमारे वीस लाख तोफगोळे गोदामात ठेवलेले. लुगार तिथे गेले तेव्हा त्यांनी ८५ मिलिमीटरचा एक गोळा साध्या ब्रीफकेसमध्ये ठेवून दाखवला, सहज मावला. आणि तरी २००० आणि २००१ या वर्षांत काँग्रेसने ते गोळे नष्ट करायच्या तिथल्या कारखान्याचे पैसे अडवले, नंतर दिले ते वेगळ्या अटी घालून, त्यातली एक म्हणजे रशियाने आपल्या साठ्याची 'पूर्ण आणि अचूक' माहिती द्यावी. कारखाना सुरू झाला २००९ मध्ये. ब्रीफकेसमध्ये मावणारी वस्तू, आणि शब्दांवरून वर्षं जातात, हे मला फार लागतं.

प्रतिसाद:
'नॉटविथस्टँडिंग' राहिलं की! अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या नॉनप्रोलिफरेशन अँड डिसआर्ममेंट फंडाच्या, म्हणजे शस्त्रप्रसार रोखायच्या आणि शस्त्रं नष्ट करायच्या निधीच्या, तरतुदीत तो शब्द आहे, दुसऱ्या कुठल्याही कायद्यात काहीही असलं तरी हा पैसा वापरता येईल, अशा अर्थाने. आपल्या अधिनियमांत 'काहीही अंतर्भूत असले तरी' असतं ना, तेच. सगळं वजन त्या 'तरी'वर. उत्तर कोरियाने २००६ मध्ये अणुचाचणी केल्यावर ग्लेन दुरुस्ती लागू झाली, म्हणजे अणुचाचणी करणाऱ्या देशाची मदत तोडणारी अमेरिकी कायद्यातली तरतूद, तीच जी पोखरणनंतर मे १९९८ मध्ये आपल्यावर लागली होती, आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याला तिथे खर्च करता येईना. मग तिथल्या योंगब्योन अणुकेंद्राचा कूलिंग टॉवर जून २००८ मध्ये पाडला गेला तो या फंडाच्या पैशातून. एका 'तरी'ने टॉवर पाडला म्हणा. वेव्हरमध्ये अट शिथिल होते, इथे अट पोचतच नाही, म्हणून दोन्हीला 'सूट' लिहू नका.

प्रतिसाद:
आणि 'प्रसारबंदी', म्हणजे अण्वस्त्रं पसरू न देणं, हा शब्दसुद्धा नीट तोलून वापरा. २००२ मध्ये बेलग्रेडजवळच्या विंचा या अणुसंशोधन संस्थेतून अण्वस्त्राला चालेल असं ४८ किलो युरेनियम रशियाला हलवायचं होतं. सर्बियाचं म्हणणं, अणुभट्टीत वापरलेलं इंधनही पाण्यात सडतंय त्याचं काहीतरी करा. ती पडली पर्यावरणाची साफसफाई, प्रसारबंदीच्या पैशात ती बसेना. शेवटी ५० लाख डॉलर एका खाजगी संस्थेने दिले, न्यूक्लिअर थ्रेट इनिशिएटिव्हने, आणि ती संस्था काढणाऱ्या दोघांत हेच सॅम नन! १९९१ च्या कायद्याला ज्याचं नाव त्यालाच सरकारी शब्दाच्या बाहेर राहिलेलं काम खाजगी पैशाने करावं लागलं. ते वापरलेलं इंधन २०१० मध्ये रशियाला गेलं.

मूळ प्रश्न विचारणारी:
सगळ्यांचे मनापासून आभार. असं केलंय बघा: 'घेणाऱ्या देशाचा या सहाही बाबतींत निर्धार आहे, असा दाखला राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला दिल्याशिवाय मदत देता येणार नाही.' पुढच्या परिच्छेदात २००२ ला 'अट शिथिल', २००७ ला 'अट रद्द', आणि फंडाला 'अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी'. विंचाचा परिच्छेद मूळ लेखात नाहीये, संपादकांना विचारून तळटीप म्हणून घालते.