उबोनचा मेणबत्ती उत्सव कुणी बघितलाय का?

नमस्कार मंडळी, सध्या बँकॉकला आहे आणि ऑफिसात सगळे 'खाओ फान्सा'ची सुट्टी म्हणतायत. म्हणजे आपला वर्षावासच ना? आमच्या आईच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून ग्रंथवाचन सुरू होतं, तसंच इथेही असतं का? उबोन रात्चथानीला जावं का?

— भटकी_नागपूरकर

हो, वर्षावासच. आषाढ पौर्णिमा म्हणजे सारनाथचं पहिलं प्रवचन, त्याच्या दुसऱ्या दिवशी खाओ फान्सा आणि मग तीन महिने भिक्खू एकाच विहारात राहतात, कारण पावसात फिरलं की शेतातली रोपं आणि किडामुंगी पायाखाली येते. अगदीच निकडीचं काम असेल तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येतं.

— मेघ

जाच! पूर्वी विहारात लाईट नव्हते म्हणून लोक भिक्खूंना मेणबत्त्या द्यायचे, त्याच आता उबोनला ट्रकवर मावणार नाहीत एवढ्या झाल्यात. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी थुंग सी मुआंग पार्कात जा, तिथे कारागीर बारीक पात्याने मेणातल्या गरुडाचं एकेक पीस कोरत असतात, आणि ते पिवळं मेण हाताला इतकं मऊ लागतं की मी तासभर तिथून हललेच नाही. हॉटेल मात्र आत्ताच बुक कर.

— सावली

आणि आईला व्हिडिओ कॉल कर गं तिथून, खूप आनंद होईल त्यांना.

— मेघ